कोणती फट बुजवायची, कोणती उघडी ठेवायची?



गेल्या हिवाळ्यात या पानाच्या कामासाठी आम्ही माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत एका घरी गेलो होतो. सातव्या मजल्यावरचे घर, माणसे सहा. खिडकीच्या चारही कडांना तपकिरी चिकटपट्टी लावलेली. दाराखाली जुन्या साडीची वळकटी. ओट्याच्या वरच्या झरोक्यात थर्माकोलचा तुकडा घट्ट बसवलेला. आजी म्हणाल्या, "रात्री वास सुटला की नातवाला धाप लागते. म्हणून सगळ्या फटी बंद करून टाकल्या."

आजींनी हे मायेने केले होते आणि मेहनतीने केले होते. पण त्याच खोलीत गॅसची शेगडी होती, सिलिंडर होता, संध्याकाळी वंदनेला मेणबत्ती-अगरबत्ती लागत होती आणि रात्रभर डासांची कॉइल जळत होती. बाहेरचा वास थोडा कमी झाला, पण आतला धूर आतच कोंडला. नातू पहाटे खोकतच होता.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरातली निम्मी चिकटपट्टी काढली, निम्मी ठेवली. कोणती काढली, कोणती ठेवली आणि का, ते या लेखात सांगतो. माहुलच नव्हे, तर गोवंडी, मानखुर्द, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी अशा कोणत्याही वस्तीतल्या लहान घराला हे लागू आहे.

माहुलची हवा आणि आपली फट

माहुलच्या आसपास तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या साठ्याच्या टाक्या आहेत. माहुल आणि अंबापाडा गावांतल्या रहिवाशांनी २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. त्या प्रकरणात केईएम रुग्णालयाची पाहणी लवादापुढे आली. पाहणीतल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती आणि ८६.६ टक्के लोकांचे डोळे चुरचुरत होते. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने मान्य केले की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबांना २२५ चौरस फुटांच्या घरांत इथेच पाठवले गेले.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. हवेतला विषारी वायू फट बुजवून थांबत नाही. बेंझिन, टोल्यूईन यांसारख्या वायूंचे कण इतके बारीक असतात की हवा जिथून शिरते तिथून तेही शिरतात. हवा पूर्ण बंद करावी, तर माणसाने श्वास कुठून घ्यायचा? फट बुजवल्याने वासाचा जोर तास-दोन तास कमी करता येतो, एवढेच. स्वच्छ हवा देणे ही कारखान्यांची आणि सरकारची जबाबदारी आहे. ती जबाबदारी आपल्या चिकटपट्टीवर ढकलली जाता कामा नये.

तरीही योग्य फट बुजवण्याचे फायदे खरे आहेत. पावसाचे तुषार आत येत नाहीत, भिंतीला ओल आणि बुरशी कमी धरते. रस्त्यावरच्या टँकर-ट्रकची धूळ कमी येते. डासाला शिरायला काडेपेटीच्या काडीएवढी फट पुरते आणि उंदराच्या पिल्लाला पेन्सिलच्या जाडीएवढी. झुरळे-ढेकणांची तर घरेच फटींत असतात. दमा असलेल्या मुलाला बुरशी, धूळ आणि झुरळांची विष्ठा या तिन्ही गोष्टींचा त्रास होतो.

या फटी कधीही बुजवू नका

बुजवायला हात घालण्यापूर्वी ही यादी वाचा. आजींच्या घरात आम्ही जे उघडले ते सगळे या यादीतले होते.

पहिली, स्वयंपाकाच्या जागेतली हवेची वाट. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो आणि जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर असलेल्या जागेच्या दाराखालची फट किंवा खालची जाळी मोकळी हवी. पाइपने येणारा गॅस मात्र हवेपेक्षा हलका असतो. तो वर छताकडे जातो. तिथे वरचा झरोका मोकळा हवा. सिलिंडर असो की पाइप, स्वयंपाकाचा धूर आणि वाफ वरूनच बाहेर जाते. म्हणून वरचा झरोका दोन्ही घरांत उघडाच ठेवायचा.

दुसरी, गॅस गिझर असलेल्या मोरीची खिडकी. बंद मोरीत गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो जागीच कोसळतो. मुंबईत यात जीव गेलेले आहेत. या खिडकीवर प्लास्टिक, पुठ्ठा, वर्तमानपत्र काहीही लावू नका.

तिसरी, सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली बारीक भोके. पट्टीत साचलेले पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ती ठेवलेली असतात. पुष्कळ जण ती फट समजून बुजवतात आणि मग पाणी उलटे घरात येते. ती भोके काडीने साफ ठेवा.

चौथी, वाढत जाणारी तडा. भिंतीवरच्या केसाएवढ्या बारीक रेघा बहुतेक वेळा फक्त गिलाव्याच्या असतात. पण तिरपी, रुंद, खांब किंवा तुळईवरची तडा वेगळी. गंजाचे तपकिरी डाग दिसत असतील किंवा सळई उघडी पडली असेल तर तिला लांबी भरून रंग मारू नका. तडेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याभरात तडा रेघेच्या पुढे गेली, तर फोटोसह सोसायटीला आणि इमारत ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाला लेखी कळवा. लांबी भरली की तडा झाकली जाते, धोका तसाच राहतो.

पाचवी, समोरासमोरच्या दोन वाटा. एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने जाते, तेव्हाच घर श्वास घेते. एका खोलीच्या घरात बहुधा खिडकी आणि दार एवढ्या दोनच वाटा असतात. दिवसातून काही वेळ तरी दोन्ही एकदम उघड्या हव्यात.

हवा-उजेडाची गोष्ट जुनीच आहे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा कोंदट, अंधाऱ्या चाळींतली माणसे सर्वाधिक मेली. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. घराला हवा आणि उजेड मिळाला पाहिजे, हे या शहराने मोठी किंमत देऊन तेव्हा मान्य केले. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी दोन लहान खोल्यांत संसार केला, ती याच ट्रस्टची.

शंभर वर्षांनंतर आपल्या माणसांना पुन्हा अशा इमारतींत बसवले गेले, जिथे समोरच्या इमारतीची खिडकी हाताच्या अंतरावर वाटते. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. इमारती दाटीने उभ्या आहेत तिथे, विशेषतः हवा-उजेड न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर, क्षयरोग जास्त आढळला. इमारतींमध्ये अंतर राखलेल्या वसाहतीत तो कमी होता.

क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात. म्हणून घरात कुणाला क्षय असेल, तर निदान उपचार सुरू होऊन डॉक्टर सांगेपर्यंत फटी बुजवण्याचा विचारही करू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर पालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते.

बंद घरात धूर पेटवू नका

खिडक्या बंद असतील तेव्हा घरातला प्रत्येक धूर आपल्याच छातीत जातो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. लहान मूल झोपलेल्या खोलीत कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. फोडणी-तळण चालू असताना आणि वंदनेला अगरबत्ती लावताना खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर फुले आणि एक छोटा दिवा एवढीच पूजा पुरेशी आहे. अगरबत्ती नसली म्हणून वंदनेत काही उणे राहत नाही.

फट शोधायची कशी

दिवसाउजेडी घरातले दिवे बंद करून दार-खिडकी लावा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे. रात्री एकाने बाहेरून मोबाइलचा टॉर्च कडेकडेने फिरवावा आणि दुसऱ्याने आतून पाहावे.

कागदाची चाचणीही सोपी आहे. खिडकीच्या चौकटीत वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून खिडकी लावा. कागद सहज ओढून निघाला तर तिथे ढिलाई आहे. मोरीच्या नळांचे पाइप, वायरीची भोके, केबलचे भोक, खिडकी आणि भिंतीमधला सांधा, ओट्याखालची मागची बाजू या जागा विशेष तपासा. अगरबत्तीचा धूर कुठे हलतो ते पाहूनही फट कळते. पण गॅसचा किंवा रसायनाचा जराही वास असताना काहीही पेटवू नका.

भरायचे ते काढता येईल असे

माहुल हा मूळचा कोळीवाडा. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासून भरायची पद्धत किनाऱ्यावर जुनी आहे. सांधा ढिला झाला की जुना कापूस उकरून काढायचा आणि नवा भरायचा. घराच्या फटीलाही हेच धोरण बरे. पावसात बंद, उघाडीत मोकळे. कायमचे थापले तर गरज पडेल तेव्हा उघडता येत नाही, आणि आत उंदीर मेला की वायर जळाली हेही कळत नाही. भाड्याच्या किंवा ताब्यापुरत्या मिळालेल्या घरात चौकट खराब केल्याचे बोलणे खावे लागते ते वेगळेच.

हार्डवेअरच्या दुकानात आणि घरातही मिळणाऱ्या या वस्तू:

मऊ पुट्टी. एसी बसवणारे मेकॅनिक पाइपच्या भोकाभोवती मळलेल्या कणकेसारखी पुट्टी दाबून भरतात, ती मागा. ती कडक होत नाही. बोटाने दोरीसारखी वळून फटीत दाबायची, नको असेल तेव्हा ओढून काढायची. पाइपांची आणि वायरींची भोके, न उघडणाऱ्या काचेच्या कडा यांसाठी ही सर्वांत चांगली.

फोमची चिकट पट्टी. दार किंवा खिडकी जिथे चौकटीवर टेकते तिथे लावायची. मागचा कागद सोलण्याआधी जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर आठवड्यात सुटते. शेगडीजवळ फोम किंवा थर्माकोल लावू नका, ते पटकन पेट घेतात.

कापडाची वळकटी. जुन्या साडीच्या पट्ट्या सुरळी करून दोऱ्याने शिवा, दाराखाली ठेवा. आठवड्यातून एकदा धुवा, नाहीतर तीच धुळीचे घर होते. सिलिंडर दाराजवळ असेल तर ही वळकटी रोज ठेवू नका.

तारेची घासणी. उंदराच्या भोकात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी ठासून भरा. पुट्टी उंदीर कुरतडतो, तार कुरतडत नाही. तिच्यावर वरून पुट्टी दाबली की वारा आणि उंदीर दोन्ही अडतात.

ट्यूबमधला सिलिकॉन. मोरीच्या लादीच्या कडेला, जिथे सतत पाणी असते, तिथेच वापरा. तो सुकायला साधारण एक दिवस लागतो आणि सुकताना पुष्कळ प्रकारांना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. त्या दिवशी खिडकी उघडी ठेवा आणि दम्याचा रुग्ण शेजारी पाठवा. नंतर काढायचा झाल्यास ब्लेडने कापून निघतो.

लांबी, सिमेंट, एम-सील यांसारख्या घट्ट होणाऱ्या वस्तू उघडझाप होणाऱ्या दार-खिडकीला लावू नका.

भरण्याआधी फटीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा आणि जागा कोरडी होऊ द्या. ओल्या भिंतीवर काहीच टिकत नाही. वरच्या मजल्याच्या मोरीतून गळणारे पाणी मात्र आपण आतून कितीही लिंपले तरी थांबणार नाही. ते भिंतीतून दुसरीकडे फुटेल. त्यासाठी वरच्या घरातल्यांशी आणि सोसायटीशी बोलून मूळ गळती बंद करून घ्यावी लागते.

वास आला तर: बंद करायचे की उघडायचे?

जून २०२० मध्ये एका रात्री चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, पवई या भागांतून गॅसच्या वासाच्या तक्रारी आल्या. अशा वेळी लोक गोंधळतात आणि नेमके उलटे करतात. नियम दोन ओळींचा आहे. मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागे लावा.

वास घरातला असेल तर सगळे उघडा.
वास बाहेरचा असेल तर थोडा वेळ बंद करा.

घरातला की बाहेरचा, ते कसे कळेल? आधी सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपाची चावी बंद करा. मग दार उघडून जिन्यात या. जिन्यात वास कमी आणि घरात जास्त, तर गळती घरात आहे. कळत नसेल तरी घरातलीच समजा.

घरातली असेल तर विजेचे कोणतेही बटण दाबू नका, चालू असलेले बंदही करू नका. पंखा, एक्झॉस्ट, फ्रिज, बेल, सगळे जसे आहे तसे. दार-खिडक्या उघडा, माणसे बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा चोवीस तासांचा क्रमांक आहे. नळीची गळती रोजच्या वेळी तपासायची तर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. माहुलकरांना बाहेरच्या वासाची इतकी सवय झाली आहे की घरातला वास उशिरा लक्षात येतो, म्हणून ही साबणाची तपासणी महिन्यातून एकदा कराच.

वास नक्की बाहेरचा असेल तर खिडक्या लावा, एक्झॉस्ट बंद करा, दाराखाली ओले फडके ठेवा, शेगडी विझवा. सगळ्यांनी शेगडीपासून लांबच्या जागेत बसावे. नाकावरचा ओला रुमाल अमोनियासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या वायूला काही प्रमाणात अडवतो, पेट्रोल-बेंझिनच्या वाफेला नाही. पालिकेच्या आपत्ती कक्षाला १९१६ वर कळवा. कुणाला धाप लागली, ओठ निळसर झाले, बोलता येईना, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. वास ओसरला की लगेच सगळे उघडा. आत शिरलेला वायू बाहेर घालवणे हे फट बुजवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पोलीस किंवा अग्निशमन दल घर सोडायला सांगत असेल तर फटींचा विचार न करता निघा.

वर्षभराचा क्रम

बुद्ध पौर्णिमेनंतर, पाऊस लागण्याआधी, भिंती सुक्या असताना फटी शोधा आणि पावसाकडच्या बाजूच्या भरा. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होण्याआधी हे काम उरकलेले बरे. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की पट्ट्या-पुट्टी काढा, फटी साफ करा आणि घर उन्हात सुकू द्या. हिवाळ्यात रात्रीची आणि पहाटेची थंड हवा धूर-वायू खाली धरून ठेवते, दुपारी खारा वारा सुटला की ते पांगतात. म्हणून थंडीत पहाटे खिडकी लावा आणि दुपारी उघडा. वासाची वेळ तुमच्या इमारतीला वेगळी असेल, तर तुमचे नाक सांगेल ते खरे.

एक वही ठेवा

आजींच्या घरी आम्ही शेवटी त्यांच्या नातीला एक वही दिली. वास कोणत्या तारखेला, किती वाजता आला, कसा होता, कुणाला काय झाले, एवढेच चार रकाने. वीस घरांनी अशा वह्या ठेवल्या आणि महिन्याच्या शेवटी विहारात एकत्र केल्या, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायला पुरावा तयार होतो. माहुलच्या रहिवाशांनी चिकाटी धरली म्हणून तर लवादापुढे त्यांचे म्हणणे टिकले. ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलमध्ये पाठवलेल्या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्यास सांगितले, तेही लोक उठले म्हणून.

आजींच्या घरचा झरोका आता उघडा आहे. खिडकीच्या कडेला चिकटपट्टीऐवजी फोमची पट्टी आहे, पाइपांच्या भोवती मऊ पुट्टी आहे आणि रात्री कॉइलच्या जागी मच्छरदाणी आहे. वास अजून येतो. पण पहाटेचा खोकला कमी झाला असे आजी सांगतात. डॉक्टरांनी दिलेला पंप आता खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो, म्हणजे अंधारातही हाताला लागतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर तुमच्या विहारात हा लेख मोठ्याने वाचा. मग दोघा-दोघांनी मिळून एकमेकांच्या घरातल्या फटी तपासा. आपल्या घरातल्या फटीची आपल्याला सवय झालेली असते, शेजाऱ्याला ती चटकन दिसते.